'रॅगेड' म्हणजे नुसतं 'फाटकं' नव्हे

प्रश्न असा आहे: 'रॅगेड' या इंग्रजी शब्दापुढे बहुतेक कोशांत 'फाटका, जीर्ण, चिंध्या झालेला' एवढंच सापडतं. मग 'रॅगेड ब्रेथ', 'रॅगेड राइट', 'रॅगेड ॲरे', 'दे रॅन मी रॅगेड' अशा ठिकाणी हा अर्थ का बसत नाही? आणि मराठीत आणताना कुठे काय लिहावं?

कोशातला अर्थ खरा आहे, पण अर्धाच. या शब्दाचा जीव कडेत आहे. जिथे एखादी कड, ओळ, रांग किंवा लय सरळ, सलग असायला हवी होती आणि ती तशी राहिलेली नाही, तिथे इंग्रजीत 'रॅगेड' येतो. कपड्याची कड झिजून, फाटून बिघडते, म्हणून तिथे 'फाटका' चालून जातो. श्वासाला कड नसते पण लय असते, छापील परिच्छेदाला समास असतो, सैनिकांना रांग असते. ते बिघडलं की तेही 'रॅगेड'च. म्हणून हा शब्द समोर आला की आधी एवढंच शोधायचं, की इथे सरळ काय असायला हवं होतं. ते सापडलं की मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप सुचतो. 'फाटका'पासून सुरुवात केली की मात्र तीनातल्या दोन वेळा वाट चुकते.

शब्दाच्या कुळाकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. इंग्रजीत तो मध्ययुगात आला आणि त्याचं नातं प्राचीन नॉर्स भाषेतल्या केसांच्या झुबक्याला, राठ लोकरीच्या पुंजक्याला असलेल्या शब्दाशी लावलं जातं. म्हणजे मूळ चित्र फाटलेल्या सदऱ्याचं नाही, झिपऱ्या जनावराच्या अंगावरच्या वेड्यावाकड्या लोकरीचं आहे. इंग्लंडमधल्या वॉरिकच्या अर्लांचं जुनं बोधचिन्ह म्हणजे अस्वल आणि 'रॅगेड स्टाफ'. या दांड्याला कापड कुठेच नाही. फांद्या छाटल्यावर उरलेले खुंट ज्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेत असा तो ओंडका आहे. त्याचं मराठी 'फाटकी काठी' केलं तर हसू होईल. 'खुंटांचा दांडा' म्हटलं की चित्र उभं राहतं.

उच्चाराचं आधी उरकून टाकू, कारण चूक बहुतेक तिथूनच सुरू होते. विशेषण म्हणून हा शब्द दोन तुकड्यांत उच्चारतात: रॅ-गिड, आघात पहिल्यावर. मराठीत आपण 'रॅगेड' लिहितो, ते चालतं, पण बोलताना 'रॅग्ड' असा एका झटक्यात म्हणू नये. विकेड, नेकेड, क्रुकेड, जॅगेड, डॉगेड ही विशेषणं याच पंक्तीतली; शेवटचं 'एड' गिळायचं नाही. 'रॅग्ड' असा एकतुकडी उच्चार असतो तो 'रॅग' या क्रियापदाच्या भूतकाळाचा: कुणाची खेचली, छळ केला. 'रॅगिंग' हा आपल्याला ओळखीचा शब्द त्याच क्रियापदाचा. रंगकामात चुरगळलेल्या फडक्याने भिंतीवर ओल्या रंगाचे ठसे उमटवतात, त्या क्रियेचं भूतकाळी रूपही 'रॅग्ड'. इंग्रजीत लिहिताना तिन्ही सारखेच दिसतात. तेव्हा 'द ज्युनिअर्स वेअर रॅग्ड' या वाक्यात मुलं फाटक्या कपड्यांत होती असं लिहिण्याआधी वाक्यात क्रिया आहे की वर्णन आहे, हे पाहावं. पुढे 'बाय द सीनिअर्स' असं काही असलं तर ते क्रियापदच. आणखी एक: इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'जी' गळला की शब्द 'रेज्ड' होतो, म्हणजे खवळलेला, थैमान घातलेला. स्कॅन करून मजकूर काढलेल्या जुन्या पुस्तकांत ही गफलत होते, आणि 'वादळ फाटलं' असली अजब वाक्यं तिथूनच जन्माला येतात.

आता कपडे. मराठीकडे इथे शब्दांची एवढी श्रीमंती आहे की इंग्रजीचा एकच शब्द बापुडा वाटावा. पण श्रीमंती असली की निवड करावी लागते. कापड वापरून पातळ झालं, आरपार दिसू लागलं, पण अजून फाटलं नाही, तर ते 'विरलेलं'. इंग्रजीत त्याला 'थ्रेडबेअर' म्हणतात. ते 'रॅगेड' नव्हे. शिवण सुटली तर 'उसवलेलं'. तेही 'रॅगेड' नव्हे. काठाचे धागे सुटून लोंबायला लागले तर 'दशा निघालेलं'. हे इंग्रजी 'फ्रेड'च्या जवळ आणि 'रॅगेड'च्या उंबरठ्यावर. काठ गेले, जागोजागी फाटलं, तुकडे लोंबू लागले की मग ते खरं 'रॅगेड'. त्याच्याही पुढे, अंगावर कापड कमी आणि भोकं जास्त, तेव्हा 'टॅटर्ड', आणि तिथे 'लक्तरं' शोभतं. 'जीर्ण' हा वयाचा शब्द आहे. जीर्ण वस्त्र नीट घडी घालून पेटीत असू शकतं, त्याची कड शाबूत असू शकते. 'जुनेर' म्हणजे वापरून मऊ, जुनं झालेलं वस्त्र. त्यात एक माया आहे जी 'रॅगेड'मध्ये नाही. 'कळकट' आणि 'मळकट' हे तर घालूच नयेत, कारण त्यात मळ आहे. 'रॅगेड' कपडा स्वच्छ धुतलेला असू शकतो, आणि चांगला लेखक नेमकं तेच सांगत असतो: फाटकं पण धुतलेलं.

'लक्तरं' वापरताना आणखी एक सांभाळायचं. 'लक्तरं वेशीवर टांगणे' या वाक्प्रचारामुळे त्या शब्दाला अब्रूचा वास चिकटलेला आहे. गरिबीचं तटस्थ वर्णन करायचं असेल तर 'फाटके कपडे' हा साधा पर्याय अधिक प्रामाणिक ठरतो.

इंग्रजीत हे विशेषण कपड्यावरून माणसावरही सरकतं: 'अ रॅगेड बॉय'. फाटका आहे तो सदरा, पण विशेषण मुलाला लागलं. मराठीत ते जसंच्या तसं उचलता येत नाही, कारण 'फाटका माणूस' म्हणजे खिसा रिकामा असलेला, गमावण्यासारखं काही नसलेला माणूस. कपडे चांगले असलेला माणूसही फाटका असू शकतो. म्हणून 'फाटक्या कपड्यांतला मुलगा' असं सोडवून लिहावं लागतं. एक शब्द वाढतो, वाढू द्यावा. 'फाटका' या शब्दाच्या अशा गाठी अजूनही आहेत: 'फाटक्या तोंडाचा' म्हणजे तोंडाळ, 'आभाळ फाटणं' म्हणजे संकट कोसळणं. त्यामुळे 'रॅगेड क्लाउड्स'चं 'फाटलेलं आभाळ' करणारा अनुवादक न मागता वाचकाच्या डोक्यावर आपत्ती आणतो.

'रॅगेड स्कूल' हा शब्द तर सापळाच आहे. अनेकदा त्याचं 'मोडकळीस आलेली शाळा' असं भाषांतर होतं. इथेही विशेषण सरकलेलं आहे, फाटके कपडे होते ते मुलांचे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये ज्या मुलांना इतर कुठल्या शाळेत घेत नसत, त्यांच्यासाठी चाललेल्या या मोफत शाळा. पोर्ट्समथचा अपंग चांभार जॉन पाउंड्स (मृत्यू १८३९) आपल्या दुकानात अशा मुलांना शिकवत असे. चळवळीने पुढे त्याला आपला प्रेरणास्रोत मानलं. लंडनमध्ये १८४४ साली 'रॅगेड स्कूल युनियन' स्थापन झाली, आणि पुढे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी म्हणून ओळखले गेलेले लॉर्ड ॲश्ली तिचे अध्यक्ष होते. चार्ल्स डिकन्स १८४३ मध्ये लंडनच्या फील्ड लेनमधली अशी शाळा पाहून आले होते. १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर सरकारी मंडळांच्या शाळा निघू लागल्या आणि या शाळांची गरज हळूहळू ओसरली. मराठीत 'रॅगेड स्कूल' हे नाव तसंच ठेवून पहिल्या उल्लेखात 'निराधार, फाटक्या कपड्यांतल्या मुलांसाठीची मोफत शाळा' असं एकदा उलगडावं, पुढे नुसतं नाव पुरे. 'चिंधीशाळा' असे नवे शब्द पाडायचा मोह आवरावा. मराठीत 'चिंधी' जोडली की उपहास आपोआप शिरतो.

कापडाकडून निघून नुसत्या कडेकडे आलं की शब्द बदलतात. कागद, पान, नखं यांच्या कडेला 'कुरतडलेली' हे फार नेमकं बसतं. वाईट कापलेल्या केसांना तर 'उंदरांनी कुरतडल्यासारखे' हे तयारच आहे. भिंतीला पडलेलं 'रॅगेड होल' म्हणजे 'वेड्यावाकड्या कडांचं भगदाड'; तिथे 'फाटकं भोक' म्हणणं शक्यच नाही. किनाऱ्यासाठी भूगोलात 'दंतुर' हा घडवलेला आणि रुळलेला शब्द आहे, 'दंतुर किनारा'. डोंगराच्या माथ्याच्या रेषेलाही तो चालतो. ढगांच्या बाबतीत हवामानशास्त्राने स्वतःच फाटण्याची कल्पना स्वीकारली आहे: तुटक, कडा विस्कटलेल्या ढगांना 'फ्रॅक्टस' म्हणतात, आणि पावसाच्या मोठ्या ढगाखाली लोंबणाऱ्या तुकड्यांना 'पॅनस', ज्याचा लॅटिन अर्थच कापडाचा तुकडा, फडकं. त्यामुळे 'ढगांच्या चिंध्या' हे वर्णन ललित तर आहेच, शास्त्रालाही धरून आहे.

जखमांचं वर्णन मात्र जपून करावं, कारण तिथे या एका विशेषणावर निष्कर्ष उभा असतो. वैद्यकीय अहवालात 'रॅगेड मार्जिन्स' असं लिहिलेलं असतं तेव्हा डॉक्टर सांगत असतो की ही जखम धारदार शस्त्राने कापल्याची दिसत नाही, बोथट आघाताने त्वचा फाटली आहे. अशा जखमेच्या कडा अनियमित असतात, आजूबाजूला खरचटलेलं असतं, आणि जखमेच्या आत तळाशी न तुटलेले ऊतींचे धागे, नसा, बारीक रक्तवाहिन्या पुलासारख्या आडव्या राहिलेल्या दिसतात. कापल्याच्या जखमेत कडा स्वच्छ असतात आणि असे पूल नसतात. याचं मराठी 'जीर्ण कडा' किंवा 'खराब कडा' केलं तर अहवालातला मुद्दाच नाहीसा होतो; 'खराब' वाचून एखाद्याला जखम चिघळली असंही वाटेल. 'अनियमित, फाटलेल्या कडा' असं लिहावं, आणि 'लॅसरेशन'ला 'फाटल्याची जखम', 'इन्साइज्ड'ला 'कापल्याची जखम' हा फरक पूर्ण दस्तऐवजात एकसारखा ठेवावा. टाळू किंवा कपाळासारख्या ठिकाणी, जिथे त्वचेखाली लगेच हाड आहे, तिथे बोथट आघातानेही जखम जवळपास सरळ चिरल्यासारखी दिसू शकते. म्हणून डॉक्टरने 'रॅगेड' लिहिलं असेल तर ते गाळू नये आणि लिहिलं नसेल तर आपण घालू नये.

वैद्यकातच 'रॅगेड रेड फायबर्स' अशी एक संज्ञा येते. स्नायूचा बारीक तुकडा काढून त्यावर सुधारित गोमोरी ट्रायक्रोम रंगद्रव्याची प्रक्रिया केली की मायटोकॉन्ड्रियांच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या) काही विकारांत स्नायुतंतूंच्या कडेला बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियांचे लाल पुंजके साचलेले दिसतात. तंतूची गोल, नितळ कड विस्कटल्यासारखी होते, त्यावरून हे नाव. तंतू झिजलेला किंवा फाटलेला आहे असा त्याचा अर्थ नाही. संज्ञा तशीच ठेवावी, कंसात हवं तर 'विस्कटलेल्या कडांचे लाल तंतू'.

लयीकडे वळू. 'रॅगेड ब्रेथ' किंवा 'रॅगेड ब्रीदिंग' कथा-कादंबऱ्यांत पानोपानी येतं आणि अनुवादात सर्वांत जास्त तिथेच मार खातं. 'जोरजोरात श्वास' हे चूक, कारण तो जोर झाला. 'धाप' जवळ येते, पण धापेला स्वतःचा एक भरभर चालणारा ताल असतो, आणि 'रॅगेड'मध्ये ताल मोडलेला हवा. 'घरघर' म्हणजे आवाज. तेव्हा प्रसंग बघावा. रडून झाल्यावर असेल तर 'मध्येच हुंदक्याने तुटणारा श्वास'. भीतीने असेल तर 'अडखळता श्वास'. जखमी, दमलेला माणूस असेल तर 'तुटक, ओढून घेतलेला श्वास'. आवाजाला 'रॅगेड' म्हटलं असेल तर 'चिरकलेला' किंवा 'फाटलेला' आवाज सहज येतो, आणि इथे गंमत म्हणजे 'फाटणं' अगदी योग्य आहे, कारण मराठीत आवाज खरोखरच फाटतो. 'कातर आवाज' मात्र वेगळा. त्यात भावनेचा कंप आहे, झीज नाही.

टाळ्या, घोषणा, बंदुकीची फैर, समूहगान यांना 'रॅगेड' म्हटलं की तक्रार एकच: एकसाथ झालं नाही. 'रॅगेड अप्लॉज' म्हणजे कमी टाळ्या असं समजून 'तुरळक टाळ्या' लिहितात. कमी असतीलही, पण सांगायचं आहे ते हे की कुणी आधी वाजवली, कुणी नंतर. 'मागेपुढे वाजलेल्या टाळ्या' हे बरं. गाण्याला 'बेसूर' लिहिणं सरळ चूक, सुराबद्दल इथे काहीच म्हटलेलं नाही. 'बेताल' लिहावं तर त्या शब्दाला वर्तनाचा अर्थ चिकटलाय. 'विस्कळीत' हा सर्वांत सुरक्षित. अमेरिकेत १८९० च्या दशकात कृष्णवर्णीय वादकांनी लोकप्रिय केलेल्या 'रॅगटाइम' संगीताचं नावही 'रॅगेड टाइम'वरून आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. डाव्या हाताने पियानोवर संचलनासारखा ठाम ठेका आणि उजव्या हाताने त्या ठेक्याच्या मध्येमध्ये पडणाऱ्या स्वरावली: ताल मोडलेला भासतो, मोडत नाही. आपल्या 'राग'शी त्याचा काडीचा संबंध नाही, हे सांगायची गरज पडते म्हणून सांगितलं.

'रन समवन रॅगेड' हा वाक्प्रचार व्याकरणाने थोडा फसवा आहे. इथे 'रॅगेड' हे क्रियेचं फळ आहे: इतकं पळवलं की माणसाचं चिपाड झालं. 'भिंत पांढरी रंगवली' यात जसं 'पांढरी', तसं. मराठीत हे क्रियेच्या द्विरुक्तीने उत्तम साधतं: 'पळवून पळवून जीव काढला', 'राबवून राबवून पिट्ट्या पाडला'. 'मुलांनी आज दमवून मेटाकुटीला आणलं' हेही तेच. औपचारिक लेखनात 'दमछाक केली' पुरे. 'फाटेपर्यंत पळवलं' हे मात्र करू नये, मराठीत त्याचा सूर भलताच होतो. 'यू लुक रॅगेड' याचं उत्तर कपड्यांत शोधू नये. बोलणाऱ्याला चेहरा दिसतोय. 'फार ओढलेला दिसतोस', 'चेहरा उतरलाय'. 'ऑन द रॅगेड एज' म्हणजे सहनशक्ती संपत आलेली अवस्था: 'अगदी काठावर आलोय', किंवा घरगुती बोलीत 'घायकुतीला आलोय'.

छपाईतला अर्थ कामाचा आहे आणि तिथली चूक महागात पडते, म्हणून जरा सविस्तर. 'रॅगेड राइट' म्हणजे ओळी डावीकडून एका सरळ रेषेत सुरू होतात आणि उजवीकडे जिथे शब्द संपेल तिथे थांबतात. थोडक्यात, रोजच्या भाषेत 'लेफ्ट अलाइन'. 'राइट' हा शब्द पाहून मजकूर उजवीकडे लावणारे आहेत. ते नेमकं उलटं होतं. नावात सांगितलेली बाजू विस्कटलेली बाजू असते, हे धरून ठेवलं की गोंधळ होत नाही. टेक-लेटेक या आज्ञा लिहून पानं मांडायच्या संगणक-प्रणालीतही तसंच: 'रॅगेडराइट' ही आज्ञा मजकूर डावीकडे लावते, 'रॅगेडलेफ्ट' उजवीकडे. तिथलीच 'रॅगेडबॉटम' ही आज्ञा पानांचे तळ एका पातळीत आणण्याचा हट्ट सोडते, म्हणजे परिच्छेदांमधल्या जागा ताणल्या जात नाहीत. लेटेकच्या 'रॅगेडराइट'मध्ये ओळीच्या शेवटी हवी तेवढी मोकळी जागा सोडायला मुभा असते, म्हणून शब्द तोडून जोडरेघ देण्याची वेळच येत नाही आणि कड फारच खालीवर होते. ती आटोक्यात हवी असेल तर 'रॅगेडटूई' नावाचं पॅकेज वापरतात. त्यात शब्दतोड चालू राहते.

देवनागरीला ही मांडणी रोमनपेक्षा जास्त मानवते, असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे 'विद्यापीठांमधल्यासारखं' अशी लांब गाडी एका ओळीत मावत नाही आणि अख्खी खाली उतरते. दोन्ही बाजू सरळ करायच्या म्हटलं की वरच्या ओळीत उरलेल्या तीन-चार शब्दांमध्ये खिंडारं पडतात, आणि अशा ओळी लागोपाठ आल्या की पानभर पांढऱ्या नद्या वाहू लागतात. अरुंद स्तंभात हे हमखास होतं. त्यावर उपाय म्हणून कुणी अक्षरांमधलं अंतर वाढवायची मुभा दिली तर शिरोरेषा तुटते; ते तर त्याहून वाईट. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर-अंतराचे तिन्ही आकडे मुळात शून्य असतात, देवनागरीसाठी ते शून्यच ठेवावेत.

उजवी कड मोकळी सोडली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. चांगल्या 'रॅग'मध्ये, म्हणजे अशा मोकळ्या कडेत, लांब-आखूड ओळी साधारण आलटून पालटून येतात. ओळी क्रमाने आखूड होत गेल्या की जिना दिसतो, मध्येच एक ओळ खूप आत गेली की खड्डा. दोन्ही डोळ्याला खटकतात. हाताने दुरुस्त करताना आधी संपादन करून पाहावं, एखादा शब्द बदलला तरी पुढच्या पाच ओळी सुधारतात. ओळ जबरदस्तीने तोडणं हा शेवटचा उपाय, कारण मजकूर पुन्हा वाहिला की ती तोड भलत्याच जागी उभी राहते. आकडा आणि एकक, आद्याक्षर आणि आडनाव यांच्यात न तुटणारी मोकळी जागा घालावी. 'व', 'न', 'हा' असे एकाक्षरी शब्द ओळीच्या टोकाला लोंबकळत ठेवू नयेत. इनडिझाइनमध्ये 'बॅलन्स रॅगेड लाइन्स' असा पर्याय आहे, तो दोन-तीन ओळींच्या मथळ्यांना आणि चौकटीतल्या अवतरणांना लावावा; सबंध परिच्छेदाला लावला तर स्तंभ उगाच अरुंद दिसतो. वेबपानावर 'टेक्स्ट-रॅप' या गुणधर्माला 'बॅलन्स' हे मूल्य दिलं की तसंच होतं.

संगणकात 'रॅगेड' आणि 'जॅगेड' हे जवळजवळ समानार्थी झाले आहेत. 'रॅगेड ॲरे' म्हणजे ज्या सारणीच्या ओळींची लांबी सारखी नाही ती. बारा महिन्यांच्या बारा ओळी आणि प्रत्येकीत त्या महिन्याचे दिवस मांडले तर एक ओळ ३१ ची, एक २८ ची, एक ३० ची. फाटलेलं काही नाही, बिघडलेलंही काही नाही. मराठीत 'असमान ओळींची सारणी' एवढं साधं नाव पुरतं. सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत चौकोनी ॲरे आणि ॲरेंचा ॲरे हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दुसराच असमान असू शकतो. जावा या भाषेत मात्र बहुमिती ॲरे म्हणजे मुळातच ॲरेंचा ॲरे. पायथन भाषेत आकडेमोडीसाठी वापरतात त्या नम्पायला अशी असमान यादी दिली तर १.२४ आवृत्तीपासून (डिसेंबर २०२२) थेट त्रुटी येते. आधीच्या काही आवृत्त्या नुसता इशारा देऊन गुपचूप वस्तूंचा ॲरे बनवत. जुना प्रोग्रॅम अचानक बंद पडला तर हे तपासावं. त्रुटीच्या मजकुरात 'रॅगेड' नव्हे, 'इनहोमोजीनियस शेप' असे शब्द असतात. खरोखरच असमान ओळी हव्या असतील तर प्रकार 'ऑब्जेक्ट' असा स्पष्ट सांगावा, नाहीतर भरीचं मूल्य घालून ओळी सारख्या कराव्यात. शून्याची भर घातली आणि पुढे सरासरी काढली की उत्तर चुकतं, म्हणून भर कुठे आहे याची वेगळी नोंद ठेवावी. दुसरा मार्ग म्हणजे सगळी मूल्यं एका लांब यादीत आणि ओळी कुठे तुटतात ते दुसऱ्या यादीत. (३, १), (४), रिकामी, (१, ५, ९) अशा चार ओळी असतील तर मूल्यं ३, १, ४, १, ५, ९ आणि तुटीच्या जागा ०, २, ३, ३, ६. लागोपाठ दोनदा ३ आला, म्हणजे तिसरी ओळ रिकामी. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरमधल्या 'रॅगेडटेन्सर'ची रचना याच तत्त्वावर आहे.

माहितीसाठ्यांत 'रॅगेड हायरार्की' भेटते: देश, राज्य, शहर अशा पायऱ्या असताना एखाद्या शाखेत मधली पायरीच नसते. वॉशिंग्टन शहर अमेरिकेच्या कुठल्याच राज्यात नाही, हे नेहमीचं उदाहरण. 'पायरी गाळलेली उतरंड' असं म्हटलं तर समजतं. 'असंतुलित' म्हणू नये. ती संज्ञा शाखांची खोली कमीजास्त असते तेव्हाची.

शेवटी दिसायला-ऐकायला जवळचे शब्द. 'रगेड' आणि 'रॅगेड' यांत मराठी लिपीत एका मात्रेचा फरक आहे आणि अर्थात दोन टोकांचा. 'रगेड' म्हणजे दणकट, राकट, खडकाळ. 'रगेड लॅपटॉप' आपटला तरी चालतो, 'रॅगेड लॅपटॉप' आधीच आपटलेला असतो. 'जॅगेड'मध्ये टोकं हवीत, बोचणारी: फुटलेल्या काचेची कड 'जॅगेड', फाटलेल्या पडद्याची 'रॅगेड'. मराठीत पहिलीला 'दातेरी', दुसरीला 'विस्कटलेली' किंवा 'दशा निघालेली'. 'शॅबी'ला कड लागत नाही, एकंदर कळा गेली की झालं. 'रॅगेडी' हे अमेरिकी बोलीतलं सैल रूप, थोडं लाडिकही. बाहुल्यांच्या, मुलांच्या संदर्भात 'फाटकंतुटकं' असा जोडशब्द त्याचा सूर पकडतो. आणि 'रॅगेड रॉबिन' दिसलं की पक्षी शोधत बसू नये. ते युरोपातल्या ओलसर कुरणांतलं गुलाबी रानफूल आहे. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी प्रत्येकीचे चार अरुंद फाटे झालेले असतात, म्हणून पूर्ण उमललेलं, धडधाकट फूलही कुणीतरी फाडल्यासारखं दिसतं.